हा आमचा न्हवं

करंजवाडीत एखाद्या सुनेचं कौतुक करायचं झालं तर म्हणायचे, "ठकूवानी हाय, तोंडातनं शबुद न्हाई." चाकणच्या पुढं भामेच्या काठाला ही पाचपन्नास उंबऱ्यांची वाडी. ठकुबाई तिथं लग्न होऊन आली तेव्हा लुगडं सावरता येत नव्हतं एवढी लहान होती. आल्या दिवसापासून तिनं एकच विद्या शिकून घेतली. सासू बोलली की खाली बघायचं, पाटील बोलला की पदर पुढं ओढायचा आणि नवरा बोलला की चुलीतलं लाकूड आत सारायचं. तिला तोंड आहे हे गावाला कळायचं ते ती जांभई द्यायची तेव्हा. निम्मी भीती आणि निम्मी सवय, एवढाच खरा त्या गुणाचा हिशेब. पण गावाला त्याच्याशी काय देणंघेणं! मुकी सून म्हणजे घरची लक्ष्मी.

तिची सासू बायजाबाई म्हणजे दुसरं टोक. ती ओढ्यावर बोलायला लागली की वेशीत ऐकू यायचं. देवानं दोघींच्या वाटची जीभ एकीलाच दिली, असं लोक चेष्टेनं म्हणत. म्हातारी कोर्टकचेरीला भीत नसे, सावकाराला भीत नसे. भीत असे फक्त पोलिसाला, आणि त्याला कारणही होतं. बेचाळीसच्या धामधुमीत तिच्या धाकट्या भावाच्या मागावर पोलीस होते. चाकणच्या बाजारात त्यांनी त्याला दंडाला धरून बहिणीसमोर उभा केला आणि विचारलं, "हा तुझा भाऊ का?" बायजाबाईनं त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं, "कोण बया ह्यो? म्या ह्याला बगितला बी न्हाई." पोलिसांनी त्याला सोडून दिलं. भाऊ वाचला. तेव्हापासून ही गोष्ट तिनं हजार वेळा सांगितली आणि वाडीनं ती हजार वेळा ऐकली. पोलीस माणूस दाखवायला लागला की न्हाई म्हणायचं, हे तिथल्या पोराबाळांनाही पाठ होतं.

तिचा एकुलता एक लेक कोंडाजी हा ठकूचा नवरा. दुसऱ्या लढाईच्या वेळी तो देहूरोडच्या डेपोत लागला आणि तिथं लोखंडी नळ जोडायला शिकला. लढाई संपली, काम संपलं. मग काही वर्षं कधी खडकी, कधी लोणावळा असं करत काढली. पण एकदा हातात पान्हा धरलेला माणूस नांगराचं रुमणं नीट धरत नाही. त्रेपन्न साली मुंबईहून एक मुकादम इराकात बसऱ्याकडच्या तेलाच्या कामावर माणसं न्यायला आला आणि कोंडाजीनं नाव दिलं. बसरा गावाला नवा नव्हता. पोलीस पाटील हिंदुराव पहिल्या लढाईत खेचरांच्या पलटणीबरोबर तिथं जाऊन आला होता. त्यानं सांगितलं, खजूर हायेत, उन्हाळा मरणाचा हाय, माणसं परत येत्यात.

म्हातारीनं मात्र घर डोक्यावर घेतलं. रडून झालं, शिव्या देऊन झाल्या, अन्न सोडून झालं. शेवटी कोंडाजी वळकटी घेऊन उंबऱ्याबाहेर पडला तेव्हा ती ओट्यावरून ओरडली, "समिंदर वलांडलास तर तू माझा न्हाईस, मी तुजी न्हाई!" रागाच्या भरात आई काय वाटेल ते बोलते. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. ठकू दाराआड लेकीला, शकूला, कडेवर घेऊन उभी होती.

पहिली दोन वर्षं खुशाली येत राहिली. मग ती आटली. कोंडाजीला लिहिता येत नव्हतं आणि लिहून देणारा दरवेळी मिळतोच असं नाही, अशी घरानं मनाची समजूत घातली.

छप्पन सालच्या माघात, सुगी उरकून खळी मोकळी झाली तेव्हा, तालुक्याहून पोलिसाचा जमादार वाडीत आला. चावडीवर घोंगडी टाकली, पाटलानं पाणी दिलं आणि बायजाबाईला सुनेसकट बोलावणं गेलं. जमादार वाईट माणूस नव्हता, कायद्याला चिकटून राहणारा होता. त्याला वरून हुकूमच तसा होता की आधी ओळख विचारायची, कारण नंतर सांगायचं, म्हणजे कोणी पढवल्यासारखं बोलणार नाही. त्यानं पाकिटातून एक फोटो काढला आणि म्हातारीच्या हातात दिला.

"नीट बघा. हा इसम तुमच्या ओळखीचा आहे?"

फोटोतला माणूस बोडका होता. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली, सदऱ्याच्या गळ्यातून हाडं वर आलेली. कोंडाजी फेट्याशिवाय कधी परसाकडंसुद्धा गेला नव्हता. चावडीवरचे दोघेतिघे माना वाकवून बघायला लागले आणि त्यांच्या तोंडावर काही उमटेना. पण सासूच्या खांद्यावरून ठकूनं एकदाच बघितलं आणि तिची नजर कानावर थांबली. डाव्या कानाची पाळी फाटलेली होती. लहानपणी वासराला धरायला गेला आणि दाव्यात बाळी अडकून ओढली गेली, तीच ती पाळी. अंधारात नुसत्या बोटांनी तिनं ओळखली असती.

म्हातारीनंही ओळखलं होतं. आईला काय पाळी बघावी लागते? पण तिला दिसत होता तो खाकी कपडा. जमादार तालुक्याहून एवढा चालत येतो, पाकिटात फोटो घेऊन येतो, म्हणजे पोरानं तिकडं काहीतरी भानगड केली आहे, पळाला आहे, आणि हे त्याच्या मागावर आहेत. तिनं फोटो परत केला आणि जमादाराच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"न्हाई सायेब. हा आमचा न्हवं."

"नक्की?"

"आईला इचारतासा, नक्की का म्हणून? माजा लेक पैलवानावानी हाय. ह्यो कोन मुसाफीर!"

जमादार पाटलाकडं वळला. हिंदुराव फोटो लांब धरून, जवळ धरून बघत होता. त्याला शंका आली होती, पण तो घुटमळला. "नाकाडोळ्यानं थोडा दिसतो तसा," तो म्हणाला, "पर जिथं आईच न्हाई म्हणती, तिथं मी कोण व्हय म्हणणार?"

मग जमादारानं फोटो ठकूपुढं केला. "तुम्ही बघा, बाई. नवराच ना तुमचा? काय नाव नवऱ्याचं?"

आता आली का पंचाईत! नवऱ्याचं नाव ठकूनं लग्नातल्या उखाण्यापलीकडं कधी घेतलं नव्हतं. त्यातून समोर पाटील, चार बाप्ये, आणि शेजारी सासू, जी नुकतीच न्हाई म्हणून बसली होती. तिच्या देखत व्हय म्हणायचं म्हणजे भरचावडीत तिला खोटी पाडायची. शिवाय ठकूलाही बेचाळीसची गोष्ट पाठ होती. तिलाही वाटलं, आत्याबाई करतात ते त्याच्या भल्याचंच. तिनं पदर ओढला आणि जमिनीकडं बघत राहिली. जमादार थोडा वेळ थांबला. मग सुनेचंही तेच म्हणणं आहे असं त्यानं टिपून घेतलं आणि तो निघाला. जाताना पाटलाला एवढंच म्हणाला की बसऱ्याला कोणीतरी या नावावर हिंदुस्थानात यायचं म्हणतो आहे, तोतया असावा.

पाटलाला ते नीट उमगलं नाही, आणि बायजाबाईनं तर ऐकलंही नाही. ती घराकडं चालताना हलकी झाली होती. सुनेला म्हणाली, "कायतरी करून बसलंय बघ. पर आता सुटंल." त्या दिवशी तिनं मारुतीला नारळ फोडला.

नारळाचं खोबरं संपायच्या आत थेरगावचा चिमाजी वाडीत आला. हा कोंडाजीच्या बरोबरीनं नळ जोडणारा. बोटीनं मुंबईला उतरून त्याला बरेच दिवस झाले होते, पण घरी बहिणीचं लगीन निघालं आणि निरोप राहिला. ओट्यावर बसून गूळपाणी घेत त्यानं सगळं सांगितलं. कामगारांच्या पत्र्याच्या शेडला आग लागली. माणसं निघाली, ट्रंका जळाल्या. त्यात कोंडाजीचा पासपोट गेला. त्या धुरानंतर की आधीपासूनच कोण जाणे, त्याची छाती धरली, खोकल्यातून रक्त पडायला लागलं. कंपनीनं कामावरून कमी केलं. आता पासपोटाशिवाय बोटवाला चढू देत नाही. बसऱ्याला आपल्या सरकारची कचेरी आहे. ती म्हणते, एका फेरीपुरता दाखला देतो, त्यावर घरी जा. पण तू हिंदुस्थानातलाच कशावरून? फाळणी झाल्यापासून कोण इकडचा, कोण तिकडचा हे बघूनच कागद देतात. तेव्हा फोटो गावी जाईल, गावानं ओळखला की दाखला मिळेल.

"तर पोलीस फोटो घिऊन आला म्हंजी नुसतं व्हय म्हणा," चिमाजी म्हणाला. "तेवढंच सांगाया आलो व्हतो."

बायजाबाई भिंतीला टेकली आणि स्वतःच्या तोंडावर चपला मारून घ्यायला लागली, तेव्हा चिमाजीनं आणि ठकूनं तिचे हात धरले.

दुसऱ्या दिवशी हिंदुरावाला पुढं घालून दोघी तालुक्याला चालत गेल्या. कचेरीतल्या कारकुनानं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. कागद वर गेला होता, फोटोही त्याच्याबरोबरच गेला होता. "आणि आता हो म्हणता, मग आधी नाही का म्हणालात?" त्यानं विचारलं.

"पोलिसाला व्हय म्हणायचं आसतं," म्हातारी म्हणाली, "हे आमाला कुणी शिकीवलंच न्हाई, दादा."

कारकून ठकूकडं वळला आणि नवऱ्याचं नाव विचारलं. ठकूनं पदर मागं सारला. "कोंडाजी रामजी येळवंडे," ती म्हणाली. "ह्यो माजा नवरा हाय. फोटूतला त्योच हाय. तवा म्या वळखला व्हता." हिंदुराव चमकून बघायला लागला. सून बोलली याचं नवल त्याला नवऱ्याचं नाव घेतल्यापेक्षा जास्त वाटलं. पण उशीर व्हायचा तो झालाच होता. कारकुनानं जबाब लिहिला, अंगठे घेतले आणि सांगितलं की हे पुण्याला जाईल, तिथून मुंबईला, तिथून पुढं. दोन जबाब उलटसुलट आहेत, तेव्हा फोटो पुन्हा येईल, चौकशी पुन्हा होईल. वाट बघा.

वाट बघणं म्हणजे काय, ते त्या दोघींना विचारावं. उन्हाळा गेला. पेरण्या झाल्या. भामेला पूर येऊन गेला. ठकूचा भाऊ बन्सी चिंचवडला राहून पिंपरीच्या नव्या औषधाच्या कारखान्यात हमाली करायचा. तो आला की सांगायचा, तिथं म्हणे छातीच्या दुखण्यावर उतारा पडतो अशी औषधं निघणार आहेत. ठकू ते ऐकायची आणि उठून गोठ्यात जायची. म्हातारी आता कोणाशी भांडत नव्हती. ती रस्त्याकडं तोंड करून बसायची आणि खाकी काही दिसलं की उठून उभी राहायची. पूर्वी पोलिसाला भिणारी बाई आता पोलिसासाठी नवस बोलत होती.

ज्वारी पोटऱ्यात आली तेव्हा तोच जमादार आला. पाकीट अजून त्याच्या पिशवीतच होतं तोवर बायजाबाई ओरडायला लागली, "माजाच हाय! माजाच लेक हाय!"

"अहो, अजून फोटो दाखवला नाही मी," जमादार वैतागून म्हणाला.

ठकूनं हात पुढं केला आणि फोटो घेतला. नवा काढलेला होता. आधीचा बरा म्हणावा इतका हा वाईट होता. तिनं नाव सांगितलं, गाव सांगितलं, फाटक्या पाळीवर बोट ठेवून दाखवलं आणि ती कशी फाटली तेही सांगितलं.

दाखला मिळाला. एकाच प्रवासाचा, एकाच बोटीचा. बन्सी मुंबईच्या धक्क्यावर गेला आणि कोंडाजीला घेऊन आगगाडीनं चिंचवडला उतरला. उतरला म्हणजे बन्सीनं त्याला पाठुंगळी घेऊन उतरवला. फलाटावर सासू-सुना उभ्या होत्या. म्हातारी भाकरीचा तुकडा घेऊन पुढं झाली. दूरचा माणूस घरी आला की त्याच्यावरून ओवाळून टाकायचा, तसा तो ओवाळायला तिनं हात उचलला. कोंडाजीनं मान बाजूला घेतली.

"बाईला म्हणावं," तो बन्सीला म्हणाला, "लोकाच्या लेकावरनं कशाला ववाळती?"

बसऱ्याच्या कचेरीत त्याला कोणीतरी चांगल्या मनानं किंवा वैतागून सांगितलं होतं की तुझ्या आईनं फोटो हातात घेतला आणि हा आमचा नव्हे म्हणाली. एवढंच सांगितलं होतं; पुढं दाखला कोणाच्या ओळखीवर मिळाला, ते नाही. त्याला बेचाळीसची गोष्ट आठवली नाही. त्याला आठवलं ते निघतानाचं ओट्यावरचं ओरडणं. समुद्र ओलांडला म्हणून आईनं खरोखरच नाव टाकलं, असं धरून तो परक्या मुलखात धर्मशाळेच्या ओसरीत पडून राहिला होता. एवढे महिने माणूस दुसरं काय करणार? तेच तेच घोकत बसणार.

पुण्याच्या डॉक्टरानं छातीला नळी लावली, फोटो काढला आणि बन्सीला बाहेर बोलावलं. दोन्ही फुप्फुसं गेली होती. आता औषधं आहेत, तो म्हणाला, पावसाळ्याआधी आणला असता तर काही करता आलं असतं. बन्सीनं हे बहिणीला सांगितलं. तिनं ते सासूला सांगितलं नाही, पण म्हातारी दाराशीच होती.

कोंडाजी घरी पडून राहिला. आईनं आणलेलं पेजेचं भांडं तसंच राहायचं. ती आत आली की तो भिंतीकडं तोंड करायचा. तिनं दोनदा सांगायचा प्रयत्न केला. "लेका, मला वाटलं पोलीस तुज्या मागं लागलाय." तो म्हणाला, "जाताना बोलली व्हतीस, तसंच केलंस. आता कशाला गोष्टी लावती?" त्यानंतर म्हातारी ओट्यावर बसायला लागली.

शिमगा झाल्यावर एका दुपारी ठकू त्याचे पाय चेपत होती. त्यानं डोळे उघडले.

"फोटू आला तवा तू कुठं व्हतीस गं?"

ठकूचे हात थांबले. तिला वाटलं आता सांगावं. मी तिथंच होते, मी पाळी ओळखली होती, माझी जीभ उचलली नाही. तेवढ्यात ओट्यावरून म्हातारीचा आवाज आला, पूर्वीसारखा खणखणीत.

"ती रानात व्हती. तिला दावलाच न्हाई. म्या एकलीनंच न्हाई म्हटलं, आन पाटलाला बी म्याच गप केला. तिला ठावं बी नव्हतं."

कोंडाजी ठकूकडं बघत होता. "तू आसतीस तर वळखलं आसतंस," तो म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं.

ठकूनं तोंड उघडलं आणि मिटलं. मग ती त्याचे पाय चेपायला लागली. चावडीवर ती गप्प राहिली, त्याला भीतीची, रिवाजाची सबब होती. आज काहीच सबब नव्हती. त्याचा तो चेहरा तिला हवा होता, एवढंच.

म्हातारी त्याच संध्याकाळी हिंदुरावाकडं गेली आणि चावडीवरचं कोणी बोलणार नाही असं त्याच्या हातापाया पडून कबूल करून घेऊन आली. वाडीतलं कोणी त्या घरात कधी खरं बोललं नाही. कोंडाजी अजून पंधरवडाभर जगला. ठकूच्या हातचं पाणी घ्यायचा, तिच्याशी बसऱ्याच्या खजुरांचं बोलायचा, शकूला जवळ बोलवायचा. गेला तेव्हा त्याची मान ठकूच्या मांडीवर होती. बायजाबाई दारात आली आणि आत पाय टाकू का नको अशी उभी राहिली. तो गेला असं बन्सी म्हणाला, तेव्हाच ती आत आली आणि त्याच्या पायाला हात लावला.

माणसं नदीवरून परतली, बायका आपापल्या घरी गेल्या. दोघी ओट्यावर उरल्या.

"आत्याबाई, का सांगितलंसा तसं? म्या बी तिथंच व्हते. निम्मं पाप माजं व्हतं."

म्हातारीनं नाक पुसलं.

"दोघीबी त्याच्या न्हवं झालो आसतो, तर मरताना त्याला व्हतंच कोण?" ती म्हणाली आणि गुरांना पाणी दाखवायचं राहिलं होतं म्हणून गोठ्याकडं गेली.